गवतातील ताप : गोचीड व चिगर यांपासून संरक्षण

तथागतांनी भिक्खू संघाला वर्षावासाचा नियम घालून दिला, त्यामागील कारण विनयपिटकात नोंदलेले आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत व त्यातील लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो, तेव्हा एखादे मूल हमखास विचारते, "सर, पण ते जीव आपल्याला चावतात त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. मुळशीच्या मुलांना तर तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पौडपासून ताम्हिणीपर्यंत आषाढ ते कार्तिक गवत कमरेला लागते. आमची मुले सुटीत घरी जातात, तेव्हा गुरे-शेळ्या वळतात, गवत कापतात, सरपण आणतात. माजी विद्यार्थी घनगड, कैलासगड, अंधारबन येथे पदभ्रमणाला येतात. त्या सर्वांसाठी हे लेखन आहे.

प्रथम या जीवांची ओळख करून घेऊ. गोचीड आपल्या परिचयाची आहे. ती उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी ती वाट पाहत बसते आणि जवळून जाणाऱ्या जनावराला वा माणसाला चिकटते. दुसरा जीव म्हणजे चिगर, एका सूक्ष्म कोळीटकाची पिल्लावस्था. तो इतका लहान असतो की डोळ्यांना सहसा दिसत नाही आणि चावल्याचे कळतही नाही.

परदेशी असलेले आमचे काही विद्यार्थी 'लाइम' रोगाविषयी विचारतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून त्याला हे नाव मिळाले. १९७५ च्या सुमारास तेथील पॉली मरे या मातेने आपल्या घरातील व परिसरातील सांधेसुजीच्या नोंदी ठेवल्या व आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. त्यातून संशोधनाला चालना मिळाली. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या शरीरात त्या रोगाचे जंतू आढळले. तिकडे राहणाऱ्यांनी चाव्याभोवती पसरत जाणारा तांबडा चट्टा दिसताच डॉक्टरांकडे जावे. आपल्या भागात मात्र अधिक काळजी करावी असे आजार वेगळे आहेत.

त्यांपैकी पहिला स्क्रब टायफस. हा चिगरच्या चाव्यातून होतो. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. पावसाळा व त्यानंतरचे दोन-तीन महिने हा त्याचा काळ. चाव्यानंतर साधारण दहा दिवसांनी तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. अनेक रुग्णांच्या अंगावर चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी असते. म्हणूनच ती नजरेतून सुटते. उपचार लांबल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांना धोका पोहोचून मृत्यू ओढवू शकतो. वेळेवर निदान झाल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण सहसा दोन-तीन दिवसांत सावरू लागतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आमचा सहावीतील एक विद्यार्थी ताप घेऊनच परतला. हिवतापाची तपासणी झाली, विषमज्वराची झाली, काहीच निघाले नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. त्याचे अंग पुसताना तिला काखेत काळा डाग दिसला. "हे कुठे भाजून घेतलेस रे?" असे तिने विचारले. तेथून डॉक्टरांना दिशा मिळाली व मुलगा वाचला. आम्ही रोज त्याचा ताप मोजत होतो. त्याची काख मात्र आमच्यापैकी कोणीही पाहिली नव्हती. ही चूक आमची होती, आणि ती येथे नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते.

दुसरा आजार माकडताप. १९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व गावकरी तापाने आजारी पडू लागले. त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोधला. तो गोचिडीतून पसरतो. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. त्यावर खास औषध नाही. काजूच्या बागेत राबणारे, गुरे चारणारे, लाकूडफाटा आणणारे यांनाच तो अधिक गाठतो. ज्यांना रानात गेल्यावाचून चूल पेटवता येत नाही, त्यांना "रानात जाऊ नका" हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यांना संरक्षणाचे ज्ञान हवे.

ते ज्ञान अवघड नाही. गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे गोचीड चटकन दिसते. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. डास पळवण्याचे डीईईटीयुक्त मलम वेष्टनावरील सूचना वाचून उघड्या अंगाला लावावे. गवतावर बसू वा झोपू नये, कपडेही त्यावर वाळत घालू नयेत. परतल्यावर साबणाने अंग चोळून स्नान करावे व कपडे गरम पाण्यात धुवावेत. मग काख, जांघ, कंबर, कानामागे, गुडघ्यामागे व केसांत नीट पाहावे. गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडींवर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उपचार करावेत.

गोचीड चिकटलेली आढळल्यास रॉकेल, चुना, तंबाखू लावू नये, उदबत्तीचा चटकाही देऊ नये. बारीक चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरून, न पिळता, सरळ वर ओढावे. नखाने चिरडू नये. साबणाच्या पाण्यात टाकावी व जागा धुवावी. येथे शीलाचा प्रश्न काही उपासिका विचारतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद दाखवला आहे. लेकराच्या रक्षणासाठी गोचीड काढणारी माता कोणाचा द्वेष करत नाही.

पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "आम्ही गवतात गेलो होतो." अंगावर खपली असेल तर लाज न बाळगता दाखवावी. औषध मात्र मनाने घेऊ नये. भगत, उतारा, अंगारा यांत गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

रुग्णाची सेवा करणे म्हणजे आपलीच सेवा करणे, अशी शिकवण तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्नान घालून दिली. त्या मातेनेही मुलाचे अंग पुसता पुसताच आजार ओळखला. आता आमच्या वसतिगृहात पावसाळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत रोज सायंकाळी, वंदनेपूर्वी, स्नान आणि अंगाची पाहणी होते. मोठी मुले लहानांना शिकवतात. पालकांनी हाच नेम घरी पाळावा, एवढीच आमची विनंती आहे. जय भीम.