श्रवणयंत्र : खैरात नको, हक्क हवा!

डोळ्यांनी कमी दिसू लागले की माणूस चष्मा लावतो. चष्मा लावला म्हणून त्याला कोणी हसत नाही. कानांनी कमी ऐकू येऊ लागले की मात्र त्याच माणसाची थट्टा सुरू होते. ‘म्हातारा भैरा झाला’ असे म्हणून घरचेही त्याच्याशी बोलणे सोडतात. ग्रामसभेत त्याला कोणी विचारत नाही, बँकेत त्याच्यावर ओरडले जाते आणि बघता बघता तो माणसांतून उठतो. मग अधू दृष्टीला उपाय आहे आणि अधू श्रवणाला नाही, असे आहे काय? मुळीच नाही! उपाय दोन्हींना आहे. फरक एवढाच, की चष्मा गरिबाच्या खिशाला परवडतो आणि श्रवणयंत्र परवडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयीचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणहानीमुळे उपचार व पुनर्वसनाची गरज आहे आणि त्यांतील ८० टक्क्यांच्या आसपास लोक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असे हा अहवाल सांगतो. ज्यांना यंत्राचा उपयोग होऊ शकतो अशा १०० जणांपैकी केवळ १७ जण ते वापरतात. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेने श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार लोक मोजले. मात्र केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम ६ कोटी ३० लाखांचा अंदाज धरून चालतो. दोन्ही आकडे सरकारीच! जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण करणार?

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडे पाहू. वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. हिंगणघाट म्हणजे विदर्भातली कापसाची मोठी बाजारपेठ. कापूस आला की जिनिंग-प्रेसिंगच्या मशिनी धडधडू लागतात. मशिनीपुढे कोण उभे असते? भूमिहीन शेतमजूर, हंगामी कामगार, ठेकेदाराने आणलेले मजूर. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानली जाते. जळगावच्या जिनिंग कारखान्यांवरील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवाज या मर्यादेच्या वर गेल्याचे आणि बहुसंख्य कामगारांची श्रवणशक्ती घटल्याचे आढळले होते. हिंगणघाटच्या मशिनी काही वेगळ्या धातूच्या नाहीत.

कायदा काय म्हणतो? आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य रोग आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता आणि नव्या संहितेतही आहे. पण कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा पाहा. त्याच १९४८ सालच्या या कायद्याने केवळ जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने ‘हंगामी’ ठरवून विम्यातून वगळले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही वगळणूक कायम ठेवली. म्हणजे रोग मान्य, पण रोग्याला विमा नाही! हंगाम संपला की मालकाची जबाबदारी संपते. कामगाराचा गेलेला कान मात्र हंगामी नसतो, तो कायमचा जातो.

मग हा माणूस यंत्र घेईल म्हटले तर किंमत काय? खिशात ठेवायचे, वायर लोंबणारे साधे यंत्र दोन-तीन हजारांत मिळते. परंतु ते बोलण्याबरोबर भांड्यांचा, पंख्याचा, गाड्यांचा आवाजही तेवढाच वाढवते. कानामागे लावायचे बऱ्यापैकी डिजिटल यंत्र एका कानाला १५-२० हजारांच्या घरात जाते. दोन्ही कानांचे धरले तर ४० हजार. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे हमीचे पुरते १०० दिवस राबून, त्यातला पैसाही न खाता, हाती येणार २९,७०० रुपये. वर्षभराच्या हमीतूनही दोन कान विकत घेता येत नाहीत.

सरकारी योजना आहेत, हे आम्ही नाकारत नाही. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. तिला ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. इथेच पहिली मेख आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांची हानी ६० डेसिबलपासून पुढे असेल तरच माणसाला कमी ऐकणारा मानतो. आरोग्य संघटना चांगल्या कानाची हानी ३५ डेसिबलच्या पुढे गेली की मदतीची गरज मानते. या ३५ आणि ६० च्या मधल्या माणसाला शेजारचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि कायद्याला तो माणूस दिसत नाही. दुसरी मेख वयाची. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरिबांना साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये मिळतात. त्यात चष्मा आला, काठी आली, श्रवणयंत्रही आले. तीन हजारांत येणार ते वायरचे यंत्रच. आणि जिनिंगमध्ये पन्नाशीत कान गेलेल्याने काय पंधरा वर्षे थांबायचे?

तिसरी मेख सर्वांत मोठी. श्रवणयंत्र ही काठीसारखी हातात देऊन मोकळे होण्याची वस्तू नाही. आधी ऑडिओमेट्री करून कोणता आवाज किती ऐकू येतो ते मोजावे लागते. त्याप्रमाणे यंत्र लावून द्यावे लागते, कानाच्या मापाचा मोल्ड करावा लागतो, महिनाभर सवय करून घ्यावी लागते. त्यातला छोटा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो. शिबिरात मंडप पडतो, पाहुणे येतात, यंत्र देतानाचा फोटो छापून येतो. पुढे सेल संपला, यंत्र शिट्टी वाजवू लागले, तर वडनेरच्या माणसाने कुठे जायचे? एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडून तो किती वेळा वर्धेला जाईल? शेवटी यंत्र पेटीत जाते. सरकारच्या वहीत मात्र तो ‘लाभार्थी’ राहतो.

इतर देशांनी काय केले? ब्रिटनने १९४८ साली सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हापासून श्रवणयंत्र मोफत दिले. नुसते यंत्रच नव्हे, सेल आणि दुरुस्तीही. दुसऱ्या महायुद्धाने तो देश कर्जात बुडालेला असताना हे झाले, हे लक्षात घेतले पाहिजे. फ्रान्सने २०२१ पासून ठरावीक दर्जाची यंत्रे रुग्णाला काहीही न भरता मिळतील अशी व्यवस्था केली. ब्राझील श्रीमंत देश नाही, तरी त्याची सरकारी आरोग्यसेवा यंत्र मोफत देते. आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात ओत्से गावी कर्णबधिर कामगारांनीच सौरऊर्जेवर सेल चार्ज करणारे स्वस्त यंत्र बनवले. उलट श्रीमंत अमेरिकेत वृद्धांच्या मेडिकेअर विम्यातून श्रवणयंत्र १९६५ पासून वगळलेले आहे. तेथे २०१५ साली एका यंत्राची सरासरी किंमत २,३०० डॉलरच्या पुढे होती. अखेर २०२२ साली सौम्य व मध्यम श्रवणहानीची यंत्रे चिठ्ठीशिवाय दुकानात विकण्यास तेथील सरकारने परवानगी दिली. जगाचा बहुतेक बाजार पाच बड्या कंपन्यांच्या हाती आहे, हे त्या किमतीमागचे एक मोठे कारण. तात्पर्य, प्रश्न देशाच्या श्रीमंतीचा नसून नीतीचा आहे.

आमच्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. ‘हक्क’ हा शब्द तेथे आहे, ‘खैरात’ नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ऑडिओमेट्री व्हावी आणि मोल्ड, सेल, दुरुस्ती तेथेच मोफत मिळावी. यंत्र देण्यासाठी ६० डेसिबलची अट नसावी. जिनिंग कामगारांची दरवर्षी मालकाच्या खर्चाने कानतपासणी व्हावी आणि त्यांना ईएसआयमध्ये घ्यावे.

तोपर्यंत वाचकांनीही एक करावे. घरात कोणाला टीव्हीचा आवाज मोठा लागत असेल, पोर हाकेला वळून पाहत नसेल, तर कानात तेल घालत बसू नये. सेवाग्राम किंवा सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून कागद हाती घ्यावा. हक्क मागायला आधी कागद लागतो. आणि असे शेकडो कागद एकत्र घेऊन गेलो, तर तहसील कार्यालयालाही ऐकू येते!