फुकटची चित्रे
‘भाऊजी, तुम्ही बँकेतले. तुम्हीच समजवा तिला,’ वहिनी म्हणाल्या. पुतणीला नोकरी सोडून चित्रकथा काढायच्यात, आणि त्याही इंटरनेटवर फुकट टाकायच्यात!

समजवायला गेलो, तर तिनेच मला रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराची गोष्ट ऐकवली. पदार्थविज्ञान शिकलेला हा गडी ‘नासा’साठी काम करी. २००५ साली त्याने वहीतली चित्रे इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. माणसे काडीची, एक गोल, चार-पाच रेघा. पुढच्या वर्षी कंत्राट संपले आणि तो चित्रांवरच जगू लागला. वाचायला दमडी नाही. नाव देऊन कुणीही ती वाटावीत, विकू मात्र नयेत. पैसा आला तो टी-शर्ट, पोस्टर आणि पुस्तकांतून.

कर्जाच्या अर्जात असला धंदा दिसता, तर मी नकाराचा शेरा मारला असता. तारण नाही आणि मालच फुकट! पण त्या फुकट मालानेच गिऱ्हाईक आणले, ही जमा कुठल्या खात्यात धरायची? (एका मन्रोमागे न चाललेले किती, तेही तिला विचारलेच.)

मी स्वतः कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, कॅश जुळल्यावर. नोकरी सोडायची छाती झाली नाही. तिला काय सांगणार? ‘आधी वर्षभराचा खर्च बाजूला टाक,’ एवढेच म्हणालो.

वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.