पत्रे का वाजतात? पावसाळ्याआधी छपराकडे एक नजर

मे महिना सरत आला की कोकणात वारा फिरतो. दिवसभर घामाने जीव नकोसा करणारी हवा संध्याकाळी अचानक उठते, माडांच्या झावळ्या एका बाजूला कलतात आणि मोहल्ल्यात पत्र्यांचा आवाज सुरू होतो. कुठे फडफड, कुठे खडखड, कुठे शीळ घातल्यासारखा सूर. लहान मुले दचकून उठतात, घरातल्या बुजुर्गांची झोप उडते. सकाळी वारा पडला की सगळे विसरतात. "पत्र्याचे घर म्हटले की आवाज आलाच," असे म्हणून आपण गप्प बसतो.

पावसाचे थेंब पडल्यावर पत्रा वाजणारच, त्याला इलाज थोडाच आहे. पण वाऱ्याने वाजणारा पत्रा ही वेगळी गोष्ट आहे. नीट कसलेला पत्रा वाऱ्यात सहसा वाजत नाही. वाजतो तो सैल झालेला पत्रा, आणि सैल झालेला पत्रा एखाद्या वादळात उडतो. म्हणून हा आवाज सहन करण्याचा नाही, ऐकून घेण्याचा आहे.

वारा पत्रा दाबत नाही, उचलतो

पुष्कळांचा समज असा की वारा छपराला ढकलतो किंवा दाबतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे घडते. वारा भिंतीवर आपटून वर उसळतो आणि छपराच्या कडेवरून वेगाने निसटतो. तिथे पत्र्याच्या वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो, आतल्या हवेचा दाब मात्र तसाच राहतो. परिणामी पत्रा वर ओढला जातो. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते.

वर्गात आम्ही हे मुलांना साध्या कागदाने दाखवतो. कागदाची पट्टी खालच्या ओठाखाली धरायची आणि तिच्या वरून जोरात फुंकायचे. खाली लोंबणारी पट्टी वर उठते. घरी मुलांकडून करवून पाहा.

आता थोडा हिशोब. तीन फूट रुंद, दहा फूट लांब आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा साधारण ११-१२ किलोचा असतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर वरच्या दिशेने ४५ ते ५० किलोची ओढ पडू शकते. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने जागेवर राहत नाही, त्याला फक्त बोल्ट आणि स्क्रू धरून ठेवतात. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्या वेगाला याच पत्र्यावरची ओढ दीडशे किलोच्या वर जाते. छपराच्या कडा, कोपरे आणि आढे इथे तर ती आणखी जास्त असते. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत त्या दिवशी किती छपरे गेली हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

जुन्या कौलारू घरांचे छप्पर जड असे. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते, आणि कौलांच्या सांध्यांतून थोडी हवा खेळत राहते. कौले गेली तरी पाच-पन्नास जात. पत्र्याचे तसे नाही. एक सुटला की वारा शेजारच्याखाली शिरतो आणि अख्खी ओळ उलटते.

आवाजावरून दोष ओळखा

वैद्य जसा नाडी पाहतो तसा पत्र्याचा आवाज ऐकावा. वारा असताना घरातूनच कान द्या आणि आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो ते खडूने भिंतीवर खूण करून ठेवा. सकाळी मिस्त्रीला तेवढे दाखवले तरी अर्धे काम होते.

फडफड येत असेल तर पत्र्याची कड मोकळी आहे. बहुधा वळचणीचा भाग फार बाहेर आला आहे किंवा कडेचा स्क्रू निघाला आहे.

खडखड किंवा ठकठक येत असेल तर बोल्ट सैल आहे, किंवा पत्रा आणि खालचा पाईप यांत फट पडून दोघे एकमेकांवर आपटत आहेत. डांबरी किंवा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन चिरला की असे होते.

घूंऽऽ असा थरथरता सूर असेल तर पत्रा पातळ आहे आणि खालच्या पाइपांमधले अंतर जास्त आहे. मधला भाग डफाच्या कातड्यासारखा कंप पावतो.

शीळ वाजत असेल तर पत्रा जागेवर असेलही, पण आढ्याखाली किंवा भिंतीच्या माथ्यावर अरुंद फट आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा हा प्रकार आहे.

आणि वारा नसताना, दुपारी किंवा सूर्य मावळल्यावर "टक्… टक्" असे होत असेल तर घाबरू नका. उन्हाने पत्रा पसरतो, थंडाव्याने आखडतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर दहा फुटी लोखंडी पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतो. ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच्या जवळपास दुप्पट. मात्र रोजच्या या सरकण्यानेच स्क्रू हळूहळू सैल होतात, म्हणून दरवर्षी तपासणी लागते.

वाजता वाजता पत्रा फाटतो

एखादी तार पुनःपुन्हा वाकवली की ती जोर न लावता तुटते. पत्र्याचेही तेच. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तो स्क्रूभोवती वाकतो, सरळ होतो. भोक लांबट होते, मग त्याच्या कडेने बारीक चीर पडते. ही चीर वायसरखाली असल्यामुळे जमिनीवरून दिसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने याची मोठी किंमत मोजली. डिसेंबर १९७४ मध्ये ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने तिथल्या सत्तर टक्क्यांहून अधिक इमारती उद्ध्वस्त केल्या. नंतरच्या तपासणीत दिसले की अनेक घरांचे स्क्रू लाकडात तसेच राहिले होते आणि पत्राच त्यांच्याभोवती चिरून निघून गेला होता. त्यानंतर तिथे पत्रे पास करण्याची रीतच बदलली. पत्रा एकदा किती जोर सोसतो एवढे न पाहता, हजारो वेळा हलवल्यावर तो टिकतो का हे पाहिले जाऊ लागले. आपल्या घराचा पत्रा चार पावसाळे खडखडत असेल तर ही परीक्षा त्याच्यावर रोज चालू आहे असे समजा.

दुरुस्ती कशी करावी

सैल बोल्ट आवळून भागत असेल तर आवळा, पण वायसर चिरलेला असेल तर तो बदलाच. जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे लावण्याची आपल्याकडे सवय आहे. उन्हात ते लवकर कुजतात, म्हणून दुकानातून तयार वायसर आणावेत. स्क्रू फार आवळू नये. वायसर किंचित दबला की थांबावे. पत्रा चेपेपर्यंत आवळला तर तिथेच पाणी साचते आणि गंज धरतो.

भोक मोठे झाले असेल तर त्याच भोकात तोच स्क्रू पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. थोडा जाड स्क्रू घ्यावा, किंवा जुने भोक सिलिकॉनने बुजवून दोन-तीन इंचांवर नवा स्क्रू मारावा. छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, भिंतीच्या पत्र्याला खोलगट भागात.

कडांना जास्त जपा. मधल्या भागात स्क्रू थोडे दूर चालतील, पण वळचण, आढे आणि दोन्ही टोकांना एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू हवा. वळचणीच्या वरून लोखंडी पट्टी टाकून ती खालच्या पाइपाला बोल्टने कसली तर कड उचलली जात नाही. वळचण दीड फुटाहून जास्त बाहेर काढू नये.

पत्रा थरथरत असेल तर मधे एक आडवा पाईप वाढवणे हाच खरा उपाय. पाईप आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी ठेवली तर आपटण्याचा आवाजही जातो. शिळेसाठी पन्हळीच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात.

नवे छप्पर टाकत असाल तर पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून लावायला सांगा. म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे येत नाही. कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. वरच्या पत्र्याने खालचा पत्रा किमान सहा इंच झाकावा.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत एक खबरदारी. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. असे पत्रे कोरडे कापू वा फोडू नयेत. भोक पाडायचेच असेल तर पाणी मारून, आणि मुलांना दूर ठेवून.

दगड आणि टायर

छपरावर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. पाच किलोचा दगड पन्नास किलोची ओढ थोपवू शकत नाही. पत्रा उचलला की तो दगड घरंगळतो आणि खाली कोणाच्या तरी डोक्यावर येतो. पाऊस लागण्याआधी दगड उतरवा आणि त्या जागी चार स्क्रू मारा.

परदेशातल्या भिंती

ज्यांची मुले अमेरिका-कॅनडात आहेत त्यांना माहीत असेल, तिथे घरांच्या भिंतींना बाहेरून प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या लावतात. त्याही वाऱ्यात वाजतात. पण बारा फुटी पट्टी ऋतूनुसार अर्ध्या इंचापर्यंत लांब-आखूड होते, म्हणून तिथे खिळा लांबट भोकाच्या मधोमध आणि नाण्याच्या जाडीएवढा सैल ठेवतात. घट्ट ठोकला तर पट्टी फुगते. खालची कड खाचेतून निसटली असेल तर ती हुकाने ओढून परत अडकवावी लागते. म्हणून पाहुणे सांगतील तो उपाय आपल्या पत्र्याला जसाच्या तसा लावू नये.

काम करून घेताना

आपल्या अनेक घरांत कर्ता पुरुष कुवेत, दुबई किंवा मुंबईला असतो आणि मिस्त्रीशी बोलण्याचे काम अम्मी, भाभी किंवा दादीवर येते. अशा वेळी "छप्पर बघून जा" एवढेच सांगू नका. किती स्क्रू बदलले, वायसर नवे घातले का, पट्टी कोठे मारली, हे विचारा आणि शक्य तर मोबाइलवर फोटो काढून घ्या. ओल्या पत्र्यावर किंवा वारा सुटला असताना कोणालाही वर चढवू नका. चालताना पाय स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे खाली पाईप असेल तिथेच पडावा. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नये. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्यावी.

शेजाऱ्याच्या हक्काचीही यात बाब आहे. आपला सुटलेला पत्रा आपल्या अंगणात पडत नाही, तो वाऱ्याबरोबर शेजारच्या घरावर, रस्त्यावरच्या माणसावर जातो. मशिदीची पडवी, मदरशाची शेड, गच्चीवर घातलेले पावसाळी छप्पर यांचीही तपासणी मोहल्ल्यातल्या तरुणांनी एकत्र केली तर एकाच मिस्त्रीकडून एका दिवसात पुष्कळ काम उरकते.

एका खोलीच्या छपराला लागणारे स्क्रू आणि वायसर यांचा खर्च एका उडालेल्या पत्र्याच्या किमतीपेक्षा कमीच असतो. मृगाला अजून दिवस आहेत तोवर हे काम करून घ्यावे.