विज्ञानकथेची जडणघडण : मंगळवासी बाहेर, भांडण घरात

गेल्या आठवड्यात आपण परग्रहवासी कथेत का येतात ते पाहिलं. ते आले की संघर्ष आपसूक उभा राहतो, असा लिहू लागलेल्या अनेकांचा समज असतो. यान उतरतं, किरण सुटतात, शहरं बेचिराख होतात आणि चार पानांत वाचकाचा रस संपतो. नुसत्या माऱ्याने कथा पुढे सरकत नाही. एच. जी. वेल्स यांना हे पुरतं उमगलं होतं. त्यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ १८९७ साली मासिकातून क्रमशः आली, १८९८ मध्ये तिचं पुस्तक झालं. सव्वाशे वर्षांनंतरही या बाबतीत तिच्याइतकी चांगली शाळा मला दुसरी दिसत नाही.

मंगळवासी लंडनजवळच्या वोकिंग गावाबाहेर माळावर उतरतात. पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला गेलेली मंडळी उष्णकिरणाने जागीच जळून जातात. मग तिपाई यंत्रं येतात, काळा विषारी धूर येतो आणि ब्रिटिश तोफखान्याची दाणादाण उडते. हे वाचणारे लोक कोण होते? मॅक्सिम गनच्या जोरावर साम्राज्य वाढवणाऱ्या देशाचे नागरिक. पहिल्याच प्रकरणात वेल्स त्यांना टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी केलेला संहार आठवायला लावतात. (त्या लोकांचे वंशज आजही आहेत, हे इथे सांगायलाच हवं.) आपण जे केलं तेच मंगळवासी करत असतील, तर त्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? या प्रश्नामुळे तिपाई यंत्र नुसता बागुलबुवा उरत नाही.

पण एवढ्या विषम लढाईत माणसाने करायचं काय? ‘थंडर चाइल्ड’ ही युद्धनौका दोन यंत्रं लोळवते आणि स्वतः नष्ट होते. असे तुरळक अपवाद सोडले तर पळणं आणि लपणं. इथेच वेल्स संघर्षाची जागा बदलतात, आणि कादंबरीचा सगळ्यात जिवंत भाग सुरू होतो.

निवेदक आणि एक पाद्री पडक्या घरात अडकतात. बाहेर लागूनच मंगळवासीयांचा खड्डा. भिंतीला एक फट आहे. तिच्यातून दिसतं ते भयंकर आहे, तरी आधी कोण पाहणार यावरून हे दोघे एकमेकांना ढकलतात, लाथा मारतात. खाण्याचा साठा थोडा. पाद्री वाटणी जुमानत नाही, मोठमोठ्याने बडबडू लागतो. त्याचा आवाज बाहेर गेला तर दोघेही मेले. शेवटी निवेदक खाटकाचा सुरा उचलतो, पातं मागे वळवतो आणि दांड्याने त्याला आडवा करतो. ते पातं वळवणं किती नेमकं आहे! माणुसकीचा शेवटचा कण आणि जिवाची भीती एकाच हालचालीत आली. थोड्याच वेळात यंत्राचा लवचिक हात आत शिरतो आणि पाद्र्याला ओढून नेतो. परग्रहवासी आणि त्यांची यंत्रं कथेत आणायची ती माणसाला अशा कोपऱ्यात रेटण्यासाठी.

मंगळवासी अखेर जिवाणूंमुळे मरतात. हा शेवट लेखकाने ऐनवेळी शोधलेली पळवाट आहे, ही तक्रार मला पटत नाही. वेल्स थॉमस हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले होते. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के, म्हणून त्यांचे मंगळवासी इथे उतरल्यापासूनच आपल्या वजनाखाली घुसमटतात. ही पृथ्वी त्यांना मानवणारी नाही, याची खूण पहिल्या दर्शनातच आहे. यंत्र कितीही अफाट असो, ते चालवणाऱ्या शरीराची मर्यादा लेखकाने आधी पेरून ठेवली आहे.

पुढच्या भागात पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१). तिथला परग्रहवासी म्हणजे ग्रहभर पसरलेला महासागर. तो हल्ला करत नाही, बोलतही नाही, तरी अंतराळस्थानकावरच्या शास्त्रज्ञांची झोप उडते. ती कशी, ते पाहू.