मोकळ्या आभाळाखाली झोपण्याची हौस

बुद्ध पौर्णिमेला आपण विहारात वंदना घेतो, खीर वाटतो, संध्याकाळी रॅलीत चालतो. त्याच दुपारी अमरावती, अकोला, नागपूर, अगदी पुण्या-मुंबईचीही काही माणसे पाठीवर पिशवी टाकून मेळघाटाच्या जंगलात शिरतात आणि पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसून राहतात. वनविभाग या कार्यक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. पूर्वी या रात्री प्राण्यांची मोजदाद होत असे. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरलेले असते, चांदणे लख्ख असते, त्यामुळे पाण्यावर आलेले जनावर दिसते. आता वाघांची गणती कॅमेरे लावून होते, म्हणून ही रात्र मुख्यतः हौशी माणसांची झाली आहे. आधी नोंदणी करायची, पैसे भरायचे, भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, बोलणे नाही, उजाडेपर्यंत खाली उतरणे नाही.

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्ही हे सांगितले तेव्हा बाया खळखळून हसल्या. एक आजी म्हणाली, “पैसे देऊन जागल करतेत का हे लोक? आमच्या बुढ्यानं तं जिनगीभर केली!”

आजीचे बरोबर आहे. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून दुसऱ्याच्या शेतात मचाणावर रात्र काढणारी माणसे आपल्याच घरातली होती, आजही आहेत. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की टिनाच्या खोलीत झोपणे अशक्य होते. मग अख्खी गल्ली अंगणात नाहीतर गच्चीवर येते. उघड्यावर झोपणे आपल्याला नवीन नाही. मग शहरातला पगारदार माणूस तंबू विकत घेऊन चिखलदऱ्याला जातो, सेमाडोहला राहतो, अकोटकडून नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरला मुक्काम करतो, त्याला त्यात काय सापडते?

पहिली गोष्ट झोप. अंधार पडला की आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढू लागते. ते शरीराला सांगते, आता रात्र झाली. घरात ट्यूबलाइट, टीव्ही आणि डोळ्यांजवळ मोबाइल असला की हा निरोप उशिरा पोचतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. बॅटरी नाही, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या शरीराचे घड्याळ जवळपास दोन तास अलीकडे आलेले दिसले. सर्वांत जास्त फरक पडला तो उशिरा झोपणाऱ्यांत. माणसे आठच होती, त्यामुळे फार मोठा दावा करू नये. पण कारण स्पष्ट आहे. दिवसा भरपूर ऊन, रात्री खरा अंधार. “तिथं नऊला डोळे मिटतात,” असे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो ते यामुळेच.

दुसरी गोष्ट कामाची. तंबूत राहिले की पाणी आणावे लागते, काटक्या गोळा कराव्या लागतात, चुलीवर भाजी टाकावी लागते. घरी ग्लासभर पाणी हातात मागणारा पुरुष तिथे कांदे चिरतो. शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजून वांग्याची भाजी करायची, ही आपल्या वऱ्हाडातली मजा कोणाला माहीत नाही? कॅम्पिंग म्हणजे रोडग्यांच्या जेवणाला जोडलेली रात्र समजा. मात्र तिथेही सगळी चूल बायांच्याच गळ्यात येणार असेल तर त्यांच्यासाठी ती सुटी नव्हे, जागा बदललेली मजुरी होय.

ही हौस असणारी माणसेही एका साच्यातली नसतात. कोणी पक्षी ओळखत बसतो, कोणी गड चढतो, कोणाला नुसते गप्प राहायचे असते. आपल्या वस्तीतल्या पोरांना ही चव बहुतेक वेळा राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात नाहीतर एनसीसीत लागते. कित्येक मुलींसाठी आईशिवाय काढलेली ती पहिली रात्र असते. आम्ही अशा मुलींशी बोललो आहोत. त्या तिथल्या भाषणांचे एक वाक्य सांगत नाहीत, पण रात्री कितीपर्यंत गप्पा मारल्या ते मिनिटावर सांगतात. काहींना मात्र हे मुळीच आवडत नाही. किडे, थंडी, बाहेर जायची पंचाईत. त्यांना ओढून नेऊ नये.

जागल आणि कॅम्पिंग यांत फरक आहे तो मर्जीचा. कॅम्पिंगवाला मनात आले म्हणून जातो आणि नको वाटले की परत येतो. प्रवासाची ही मोकळीक आपल्याला सहज मिळाली नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, एवढ्यावरून लोक अंगावर धावून आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ती मंडळी आंदोलनाच्या कामाला निघाली नव्हती, फिरायला निघाली होती. म्हणून “आपल्याला कशाला हवेत असले चोचले” असे कोणी म्हणाले की आम्हाला ते पटत नाही. जंगल, गड, तलाव पाहायला जाणे हाही आपला हक्क आहे. फक्त शरीर सांभाळून जा. आता आरोग्याचे बोलू.

सर्वांत आधी साप. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार घातक साप. झोपलेल्या माणसाला सर्वांत धोका मण्यारचा. काळसर निळा, अंगावर पांढरे आडवे पट्टे, रात्री फिरणारा. जमिनीवर अंथरूण असले की तो जवळ येतो. त्याच्या दंशाने बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते, पुढे श्वास थांबतो. “पोट बिघडलं” समजून ओवा देत बसण्यात जीव जातो. रात्री खाली झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी पडत असतील तर थेट दवाखाना गाठा. दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे थांबू नका. १०८ ला फोन करा. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, धारणी आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय, पुढे अमरावतीचे इर्विन, अकोल्याचे सर्वोपचार. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. तळ असलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबूही तेच काम करतो. हे नियम गच्चीवर, अंगणात, जागलीवर झोपणाऱ्यालाही तंतोतंत लागू आहेत. कॅम्पिंगला कधीच न जाणाऱ्याने एवढा परिच्छेद तरी घरात वाचून दाखवावा.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. पावसाळ्यात आणि नंतर गवता-झुडपात चिगर नावाचे बारीक किडे असतात. त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत, स्तनाखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. डॉक्टरांना “रानात झोपलो होतो” हे आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे साधे, स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर माणूस बरा होतो. गवतात थेट अंग टाकू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परत आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवा.

थंडीत शेगडी किंवा निखारे तंबूत किंवा बंद खोलीत कधीही नेऊ नका. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

नदीचे पाणी कितीही नितळ दिसो, उकळून किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्ध्या तासाने प्या. बायांसाठी खास सांगणे. संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यातून जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मुक्काम ठरवताना जेवणाच्या आधी संडासची चौकशी करा. ती लाजेची गोष्ट नाही.

आणि सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत हा आजार बराच आहे. ज्यांना तो आहे (नुसते वाहक नव्हे), त्यांना थंडी, कमी पाणी आणि अति दमणूक या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. अशा मुलाला “तू नको येऊ” म्हणू नका. डॉक्टरांना विचारून न्या, स्वेटर, कानटोपी, मोजे घाला, दर तासाला पाणी पाजा, चढावर धावू देऊ नका, गोळ्या आणि कार्ड सोबत ठेवा. वाहक मुलांना सहसा त्रास होत नाही, तरी त्यांनीही पाणी भरपूर प्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये.

जंगलात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, वनविभागाने नेमून दिलेल्या ठिकाणीच राहता येते. वडाळी-पोहऱ्याचे रान अमरावतीला लागून असले तरी तिथे बिबटे आहेत, रात्री तिकडे जाऊ नका. मेळघाटात कोरकूंच्या गावाजवळ मुक्काम असेल तर वाटाड्या गावातलाच घ्या, पैसे त्याच्या हातात द्या, आणि घरात डोकावून लेकरांचे फोटो काढू नका. आपल्या वस्तीत येऊन कोणी असे केले तर आपल्याला राग येतोच.

पहिल्यांदा जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीची कडक थंडी टाळून फेब्रुवारीतला शनिवार धरा. त्याआधी एक रात्र घराच्या गच्चीवर सराव करा. घडीची मच्छरदाणी, जाड सतरंजी, पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरी, ओआरएसची पाकिटे, नेहमीच्या गोळ्या आणि उशाशी बंद केलेला मोबाइल. त्या रात्री कोणाला झोप लागली नाही, कोणाला थंडी वाजली, कोणाला किती वेळा उठावे लागले हे सकाळी चहा पिताना विचारा, आणि त्यावरून पिशवी भरा.