अफवेच्या डेस्कवरचा दिवस

सकाळी ७.३०. नागपुरातल्या एका दैनिकाच्या ऑनलाइन डेस्कवर मी काम करतो. पण कामाला सुरुवात घरातूनच होते, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. काकांनी टाकलंय : ‘अंबाझरी ओव्हरफ्लो, बाहेर पडू नका.’ खाली पुराचा व्हिडिओ, वर फॉरवर्डचे दोन बाण. म्हणजे किमान पाच वेळा फॉरवर्ड होऊन आलेला माल. असा मजकूर आता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही बंधनं उगाच आली नाहीत : १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डला पहिला लगाम घातला.

काकांचा व्हिडिओ बनावट नाही. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलावाचं पाणी खरंच वस्त्यांत शिरलं होतं. तारीख तेवढी गळाली. ‘काका, हा जुना आहे,’ मी लिहितो. ‘काळजीपोटी टाकलं रे,’ काका.

१०.००. ऑफिस. सहकारी मुलगी फोन पुढे करते. ‘दादा, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर राडा होऊन राहिला म्हणे.’ व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा : गाड्यांच्या पाट्या नागपूरच्या एमएच ३१, ४९ आहेत का, दुकानांचे फलक कोणत्या भाषेत आहेत, मेट्रोचे खांब कुठे गेले? खांब नाहीत, फलक भलत्याच भाषेत. विषय संपला.

१२.३०. डब्याच्या वेळी नवीन मुलांना मी एक प्रकरण सांगतो. ३० मे २०२४. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातलं हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र ५६ अंश दाखवत होतं, सोनेगावचं ५४. आकडा सरकारी यंत्राचा, स्क्रीनशॉट अस्सल, पाठवणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नाही. शिवाय नागपूरकराला उन्हाचा थोडा अभिमानच असतो, त्यामुळे आकडा देशभर पोचला. खापरी आणि रामटेकची केंद्रं मात्र ४४च्या आसपास होती. संवेदक बिघडला होता, असं पुढे खात्यानेच सांगितलं. लबाड कुणीच नाही, तरी माहिती चूक. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो : हे खरं आहे का, आणि हे माझ्याकडून काय करवून घेऊ पाहतंय? पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं होत नाही.

३.००. पुरवणीवाल्यांसाठी एक सावजी भोजनालय तपासायचंय. ‘उगाच चाललो होतो, वास आला, शिरलो,’ असं म्हणणारे व्हिडिओ. चवीबद्दल माझा वाद नाही. पण तेच वाक्य तीन वेगळ्या तोंडी ऐकू आलं की वास कशाचा आला ते कळतं. पैसे किंवा फुकट जेवण घेतलं असेल तर तसं ठळक सांगावं, हे जाहिरात मानक परिषदेने २०२१पासून आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३पासून बजावलंय.

६.३०. संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. १७ मार्च २०२५ला नागपूरच्या महाल भागात औरंगजेबाच्या कबरीविरोधात दिवसा आंदोलन झालं. धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि रात्री महाल, हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. नंतर महाराष्ट्र सायबरने १४०हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट हेरल्या.

अशा वेळी माझा एक आडाखा आहे. खरा साक्षीदार अडखळतो. ‘धूर दिसतोय, नेमकं काय माहीत नाही, आमची गल्ली बंद आहे,’ असं तो लिहितो. त्यात त्याच्या गैरसोयीचं, निरुपयोगी असं बरंच असतं. भडकवणाऱ्याच्या मजकुरात निरुपयोगी शब्द नसतो. आरोपी ठरलेला, जमायची जागा ठरलेली, आणि शेवटी ‘आज गप्प बसलात तर...’

अर्थात हुशार मंडळी अडखळणंही शिकलीत. ‘मी राजकारणातला माणूस नाही, पण’ ही सुरुवात दिसली की मी आधी खातं तपासतो. जुन्या पोस्ट आहेत का? नाव मध्येच बदललंय का? आणि सगळ्यात कामाची गोष्ट, शुद्धलेखनाची तीच चूक आणखी किती खात्यांवर आहे? मनातलं लिहिणारी दहा माणसं एकाच जागी वेलांटी चुकवत नाहीत.

९.००. आता उरलेल्या दाव्यांसाठी पोलिस ठाण्याला फोन, घटनास्थळाजवळच्या बातमीदाराला फोन. अफवा मथळ्यात घ्यायची नाही, खंडनासाठीसुद्धा नाही. लोक मथळा वाचतात आणि ‘नाही’ विसरतात. मथळ्यात जे घडलं तेवढंच.

११.३०. पानं छपाईला गेली. उरतो प्रश्न, खरं-खोटं ठरवायचं कुणी? सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केली, आणि माझ्या मते बरंच झालं. पण मग शिक्का मारून देणारा कुणी साहेब नाही, आणि आमचा डेस्क तुमच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये नाही. तेव्हा राजेहो, व्हिडिओ पाठवायचाच असेल तर कुणी, कुठे, कधी काढला एवढं सोबत लिहा. आणि ते लिहिता येत नसेल तर पाठवू नका.