सातव्यातली धाप

ऑगस्टमधली रात्र. सरकारी रुग्णालयाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. वहिनीला ओरडता येत नाही. ‘ताई’ म्हणून ती थांबते, दोनदा श्वास ओढते, मग ‘पाणी’ म्हणते.

तोंडावर पिशवीचा ऑक्सिजन मास्क, बोटाला चिमटा. यंत्रावर ९१. ड्युटीवरची डॉक्टर जेमतेम पंचविशीची असेल. ‘पोटात बाळ असताना हा आकडा पंच्याण्णवच्या खाली नको,’ असं म्हणत ती वहिनीला डाव्या कुशीवर वळवते, पाठीशी उशी खोचते. उताणं निजलं की गर्भाशयाचा भार आतल्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. ‘बघत राहा हं, परत उताणी झाली तर वळवा.’

आई दाराशी उभी. ‘धाप लागायचीच गं. सातवा भरलाय. तुझ्या वेळी मला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या.’

आईला काय बोलणार? गेले पाच दिवस आम्ही सगळे तेच म्हणत होतो. ताप आला तर पावसात भिजली म्हणून, धाप लागली तर पोट वाढलं म्हणून. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. एक्स-रे नको, बाळाला बाधेल, हे घरातच ठरलं; मीसुद्धा मान डोलावली. आज इथे पोटावर जाड एप्रन टाकून पाच मिनिटांत एक्स-रे निघाला. दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढरा. छातीच्या एक्स-रेतून बाळापर्यंत पोचतात ते किरण नगण्य, हे मला आज कळतंय.

मनगटातून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट येतो. मी वाकून वाचते. कार्बन डायऑक्साइड ४०. शेजारी छापलेलं, ३५ ते ४५. ‘हे तर नॉर्मल आहे ना?’ माझा आवाज सुटतो.

डॉक्टर मान हलवते. ‘तुमच्यासाठी. गरोदर बाई एरवीच जास्त श्वास घेते, तिचा आकडा तिशीच्या आसपास असतो. इतकी धाप लागलेली असताना चाळीस, म्हणजे ती दमत चाललीय.’

कागदावरची चौकट गरोदर बाईसाठी छापलेलीच नाही.

घशाच्या स्वॅबचा निकाल यायचाय, पण स्वाइन फ्लू धरूनच औषध सुरू झालंय: ओसेल्टामिव्हिर, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पहिल्या ४८ तासांत मिळालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. आमचा आज सहावा दिवस. सिस्टर माता-बाल कार्ड उलटसुलट करते. ‘फ्लूची लस?’ धनुर्वाताच्या नोंदी आहेत, ही नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्येच गरोदर बायकांना ती मोफत द्यायला सुरुवात झाली. आम्ही मागितली नाही, कुणी विचारलंही नाही. आणि मी तर २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू तिथे झाला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून फिरलेली मी. त्या साथीत अमेरिकेत शंभरात एखादीच व्यक्ती गरोदर, पण मेलेल्या दर शंभरांत गरोदर बायका पाचच्या घरात. इतकं सगळं वाचलेलं, आणि घरात मान डोलावली ती डोलावलीच.

सिस्टर कमरेत इंजेक्शन देते. ‘हे बाळाच्या फुप्फुसांसाठी. बारा-बारा तासांनी चार.’ आई विचारते, आत्तापासूनच का? सिस्टर सुई ट्रेमध्ये टाकते, उत्तर देत नाही. एकतिसावा आठवडा. बाळ आधीच काढावं लागलं तर, हे मला उमगतं आणि मी आईकडे बघायचं टाळते.

पोटावर डॉप्लर टेकतो. गिरणीचा पट्टा फिरावा तसा भरभर आवाज. १७०. ‘आईला ताप आहे, त्यामुळे वाढलेत ठोके,’ डॉक्टर म्हणते. वहिनी डोळे उघडते, आवाजाच्या दिशेने बघते, मिटते.

मला काम दिलंय: घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अकरा वाजता ३६. साडेबाराला ३४. नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणारं नवं यंत्र आता लावलंय. कोपऱ्यातलं व्हेंटिलेटर अजून झाकलेलंच आहे. तीन वाजता ३०.

‘कमी झाले!’ मी म्हणते.

‘आराम पडला म्हणूनही कमी होतात, थकली म्हणूनही,’ डॉक्टर सिरिंज घेऊन पुन्हा मनगट चाचपते. वहिनी कण्हते. रक्त घेऊन मामा पावसात लॅबकडे पळतो.

मी दाराशी उभी आहे. या खेपेला तो आकडा छापील चौकटीच्या खाली यावा, एवढंच मागणं मागत.